शुक्रवारच्या कोऱ्या ओळी

नव्वदच्या दशकाच्या मध्याची गोष्ट. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत रंगांची रसायनं बनवणाऱ्या एका कारखान्यात मी केमिस्ट होतो. रोज सकाळी बाहेर जाणाऱ्या सांडपाण्याचा नमुना घ्यायचा, त्याचा पीएच मोजायचा, वहीत लिहायचा आणि सही करायची, हे माझ्या कामांपैकी एक. आकडा सातच्या आसपास हवा. आमचा बहुधा चार असे, म्हणजे पाणी चांगलंच आम्लधर्मी. मी चार लिहीत असे. ती वही कुणी उघडून पाहत नव्हतं.

मग युरोपातल्या आमच्या मोठ्या गिऱ्हाइकाचं पत्र आलं. तिकडे नियम बदलले होते. पुढची ऑर्डर हवी तर सांडपाण्याच्या दोन वर्षांच्या नोंदी दाखवा, आमचा माणूस येऊन तपासेल.

कॅन्टीनमध्ये दुसरा विषय उरला नाही. आमचा फिटर म्हणाला, "दोनशे वर्षं धूर सोडला, नद्या काळ्या केल्या, बंगले बांधले. आता आपल्याला सांगतात, हातपाय धुवून या!"

"अरे, पण इथली नदी आपलीच ना?" मी म्हटलं.

"नदी आपली, साहेब. ऑर्डर त्यांची. ऑर्डर गेली तर नदीकाठी काय गळ टाकून बसू? मासे तरी ठेवलेत का आपण?"

सगळे हसले. मला त्याचंही पटत होतं आणि माझंही. डबा अर्धा तसाच राहिला.

दोन दिवसांनी मॅनेजरनी माझ्या टेबलावर एक नवी वही आणून ठेवली. ऑफिसातल्या दोघांनी बसून दोन वर्षं भरून काढली होती. साडेसहा, सात, सात, पावणेसात. "तुम्ही फक्त सही मारा, भाऊ. बाकी सगळं रेडी."

सही करायची नाही असं ठरवूनच मी पानं उलटली. पण आकडे दिसले की मी तपासतो. तशी खोडच आहे. रविवारच्या ओळी कोऱ्या होत्या आणि शुक्रवारच्या भरलेल्या. आमच्या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी शुक्रवारची, रविवारी काम. त्या दोघांनी भिंतीवरचं कॅलेंडर समोर ठेवून लाल तारखा तेवढ्या सोडल्या होत्या. म्हणजे बंद कारखान्याचं सांडपाणी आम्ही दोन वर्षं मोजत होतो.

"शुक्रवारी कारखाना बंद असतो," मी बोलून गेलो.

मॅनेजरनी कपाळावर हात मारला. "वाचवलंत! आता तुम्हीच लिहा. एवढं बारीक दुसरं कोण बघणार?"

अशी ती वही, आणि सोबत एक कोरी, बदलापूरला, हेंद्रेपाड्यातल्या आमच्या घरी आली.

"रेशनचा तांदूळ दोनदा तोलून घेणारा माणूस तुम्ही," बायको म्हणाली. "आणि हे काय चाललंय?"

"चाळीस घरं आहेत त्या ऑर्डरवर."

"ती मोजलीत. खाली नदीवर धुणं धुणाऱ्या बायका मोजल्या का?"

तो आकडा माझ्याकडे नव्हता. मी लिहायला बसलो. शुक्रवार कोरे सोडले, रविवार भरले, मधे एखादा पावणेसहा घातला. प्रत्येक ओळीपुढे सही केली.

गिऱ्हाइकाकडून तपासायला पाहुणा आला तो सडपातळ, अबोल माणूस होता. पानं उलटता उलटता त्याचं बोट थांबलं. दर आठवड्याला एक दिवस कोरा का? मी इथली शुक्रवारची सुट्टी समजावून सांगितली. त्याने मान डोलावली आणि पुढची पानं भराभर उलटली. बाकीचे आकडे त्याने त्या कोऱ्या ओळींवरूनच खरे मानले, हे मला समोर दिसत होतं.

ऑर्डर आली, चाळीस जण कामावर राहिले. काही महिन्यांनी सांडपाण्यात चुना मिसळण्यासाठी टाकीही बांधली गेली. टाकी सुरू झाली त्या सकाळी पीएच सात आला. मी तीनदा मोजला, सातच.

माझी जुनी वही मी मॅनेजरकडे मागितली. सुधारणा केवढी झाली ते दाखवायला चाराचा आकडा हवा होता.

"कुठली जुनी वही?" ते म्हणाले. "आता तर खरंच सात आलाय ना? मग लिहा की."

मी लिहिला. वरच्या माझ्याच अक्षरातल्या सातांखाली तो जराही वेगळा दिसेना.