मेश्राम सरांच्या ओसरीवरची चिनी स्तुती

चार लोकं एका कामाले लागले का किस्से साचतातच. आमचे किस्से ऐकून लोक हसतात, अन् आमचा जीव जळते!

आम्ही तर तिघंच, दर रविवारी सरांच्या ओसरीवर बसणारे. मेश्राम सर, मराठीचे रिटायर्ड मास्तर. भरवेलीची प्रणाली, बुद्धाच्या एका जुन्या चिनी स्तुतीवर पीएचडी करणारी. अन् मी, तिचा थिसिस टाइप करणारा. दिवाळीपर्यंत जमा नाही केला तर रजिस्ट्रेशन रद्द! आमच्या एमपीतल्या बालाघाटात चिनी कोणाले येते? प्रणालीच डिक्शनरीत एकेक अक्षर शोधायची.

*

झेरॉक्सवर पाच ओळी, एकेकीत आठ अक्षरं. सर खुर्चीतून उठलेच. "अरे, हा तर आपला अनुष्टुभ!"

"पण सर, त्याले तर चार चरण, इथं पाच काहून?"

"पाचवं ध्रुवपद असंल!"

तीन महिने लघु-गुरू लावले. मी चाळीस पानं टाइप केली. मग प्रणालीनं दिल्लीच्या एका मॅडमले फोटो पाठवला. मॅडम म्हणाल्या, "बेटा, ये खड़ी पढ़ते हैं, दाएँ से. आठ लाइन, पाँच-पाँच अक्षर."

 पुढच्या रविवारी सर म्हणाले, "जन्मभर पोराईले सांगितलं, आधी नीट वाचा म्हणून."

*

मग यमक. प्रणाली मोबाईलवरून उच्चार शिकली, सरही तिच्यासंगं सारी स्तुती मोठ्यानं म्हणत, पण यमक काही जुळेना. मॅडम म्हणाल्या, इतक्या वर्षांत उच्चारच बदलले.

"म्हणजे यमक कधीचंच मेलं," सर म्हणाले, "अन् आपण पोस्टमॉर्टम करून राह्यलो!"

*

गाईडनं फोनवर एकच प्रश्न विचारला. "इसमें बालाघाट का क्या है?"

प्रणाली म्हणाली, "सर, मैं." अन् फोन ठेवून ढसाढसा रडली.

*

दिवाळीच्या महिनाभर आधी सर गेले. प्रणाली म्हणाली, "दादा, आता टाइप नका करू. वाचणारंच कोणी नाही राह्यलं." 

सरांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाले तिनं ती स्तुती म्हटली, पाठ. कोणाले काही कळलं नाही, तरी साऱ्याईनं हात जोडून "साधु, साधु, साधु" म्हटलं.

सरांच्या बायकोनं, काकूनं, आमच्या बैठकीत कधी तोंड उघडलं नव्हतं. चहा ठेवायच्या अन् आत जायच्या. लोकं उठून राह्यले होते, तेवढ्यात काकूनं प्रणालीचा हात धरला.

"पोरी, सातच ओळी झाल्या. पाचवी ओळ दोनदा आहे ना? दुसऱ्या खेपेले तुमचे सर जरासे थांबत."