कोर्टावरचा मांडव

रविवारी आमच्या गावी, कळसला गेले होते, मैत्रिणीच्या सत्काराला. बारामतीहून निघताना वाटलं होतं, आज डोळे भरून तिचं कौतुक बघू...

नंदा आणि मी एका वर्गातल्या. सातवीतच ती सरांपेक्षा उंच झाली होती, गावात तिला 'शिडी' म्हणायचे. त्याच उंचीवर ती सतरा वर्षं व्यावसायिक बास्केटबॉल खेळली. नाव झालं, पुण्यात घर झालं... आणि दोन्ही गुडघे गेले.

निवृत्तीनंतर ती पुण्यातच राहू शकली असती. पण गावी आली आणि शाळेतल्या पोरींना शिकवायला लागली. तीन वर्षं अर्ज आणि हेलपाटे, तेव्हा कुठे यंदा शाळेमागे सिमेंटचं कोर्ट झालं. सत्काराच्या दिवशी त्यावर पोरींची पहिली मॅच होणार होती. फोनवर म्हणाली होती, "सत्काराचं सोड गं. माझ्या पोरी बघायला ये."

पोचले, तर कोर्टावरच मांडव. खांब रोवायला नव्याकोऱ्या सिमेंटला भोकं पाडलेली, दर चार पावलांवर एक. आणि खेळायच्या ड्रेसमधल्या पोरींच्या हातात औक्षणाची ताटं...

कार्यक्रमाचे कर्तेधर्ते तात्या खुर्च्या लावून घेत होते. नंदा त्यांना म्हणाली, "तात्या, शेजारचं मैदान मोकळं होतं की."

"तितं समदी ढेकळं हायत. पाव्हण्यांच्या खुर्च्या डुगडुगल्या असत्या. आन् तुझ्यासाठीच चाललंय न्हवं ह्ये?"

"आणि मॅच?"

"खेळतील की नंतर. भोकं काय, बुजवून घिऊ."

एक खांब हलवून दुसरीकडे रोवला होता. त्या रिकाम्या भोकात नंदानं पाऊल घालून बघितलं. अख्खी टाच आत गेली.

मग साडी, नारळ, फेटा. 'गावची लेक, गावची लेक' असं प्रत्येकाच्या भाषणात. शेवटी माईक तिच्याकडे आला.

"माझं गुडघं खेळून गेलं," ती शांतपणे म्हणाली. "ह्या पोरींचं तुमच्या मांडवानं जायचं." एवढंच बोलून खाली बसली.

टाळ्या पडल्या. भाषण संपलं की पडतात तशा, भरपूर. तात्यांनी तर उभं राहून वाजवल्या.

कौतुक करायची आपल्याला इतकी सवय झालीये, की ज्याचं करतो तो माणूस काय म्हणतोय हे ऐकायचं राहूनच जातं... दुसऱ्यांना कशाला बोलू? नंदानं माझ्याकडे बघितलं, तेव्हा मीही टाळ्याच वाजवत होते.