अण्णांची टू-सीटर आणि निपाणीचा रस्ता

जुनी गाडी उकलून परत जोडली की चार-दोन नट उरतातच. कुठले, कशाचे, कुणालाच सांगता येत नाही. गाडी तर चालत असते! मग टाकवत नाहीत म्हणून ते डब्यात जातात. बेळगावच्या उद्यमबागेत आप्पाच्या गॅरेजात असे तीन डबे भरलेत. आमचे किस्सेही असेच साठत गेले. गाड्या आपापल्या घरी गेल्या, किस्से आमच्याकडं राहिले.

आप्पा येळ्ळूरचा. घरी भातशेती, हातात पाना. त्याच्या गॅरेजला लागून माझं लेथचं वर्कशॉप. समोरच्या फाउंड्रीत बसवराज ओतकामाचे लाकडी पॅटर्न बनवतो, त्याला आम्ही बसू म्हणतो. घरी कन्नड, गॅरेजात मराठी, चिडला की दोन्ही! चौथे डॉक्टर. टिळकवाडीत दातांचा दवाखाना आणि डोक्यात जुन्या गाड्या. रविवारी सकाळी चौघं चहाला जमतो.

गेल्या वर्षी या चौघांत अण्णा येऊन बसले, आणि मग गेलं वर्षभर आम्ही दुसऱ्या कशावर बोललोच नाही.

*

अण्णा शहापूरचे. घरचे माग, साड्यांचा धंदा, वय पंच्याहत्तरीच्या पुढं. आणि त्यांच्याकडं इंग्लिश बनावटीची, उघड्या टपाची, दोनच सीटची स्पोर्ट्स कार! कॅम्पातल्या एका रिटायर साहेबाकडून ऐन तारुण्यात घेतलेली. शहापुरात तेव्हा लोक तिला विमानच समजायचे, म्हणायचे, "लुगडी इकून इमान आणलं!"

गाडी गॅरेजात आली ती ट्रॅक्टरच्या मागं दोर बांधून. अकरा वर्षं एका जागी उभी होती. आप्पानं स्टेअरिंग फिरवून बघितलं. अर्धा वेढा फिरलं, तरी चाकं जागची हलली नाहीत.

"अण्णा," आप्पा म्हणाला, "स्टेअरिंग बेळगावात हाय, चाकं अजून धारवाडातच हाईत!"

मग तो गाडीखाली गेला आणि तिथूनच एकेक सांगत सुटला. किंगपिन झिजलेत, रबरी बुशांचा चुरा झालाय, मागचे पाटे बसलेत, शॉकअपमधी तेल न्हाय. अण्णा सगळं ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "निपाणीला जाऊन यील एवढी कर. एकडाव जायाचं हाय."

डॉक्टरांना राहवलं नाही. "अण्णा, निपाणीला बस आहे की. दर थोड्या वेळानं सुटते."

"बस मला ठावं हाय, डॉक्टर," अण्णा म्हणाले.

नंतर आप्पानं आम्हाला सांगितलं. वैनी निपाणीच्या. लग्न झाल्यापासून दर भाऊबीजेला अण्णा त्यांना याच गाडीतून माहेरी न्यायचे. वैनी गेल्या, त्या दिवसापासून गाडी उभी. आता मुलगा दसऱ्यानंतर अण्णांना कायमचं पुण्याला नेणार होता आणि गाडी कुणाला तरी देऊन टाकायची होती. म्हणजे आमच्या हातात दसऱ्यापर्यंतचा वेळ होता.

*

पहिली फजिती माझी आणि बसूची. किंगपिन म्हणजे ज्या खुंटीवर पुढचं चाक वळतं ती. डॉक्टर म्हणाले, "इंग्लंडहून मागवू, तीन महिने लागतील."

बसूला हा अपमान वाटला. "डॉक्टर, हे उद्यमबाग हाय! हितं इमानाचे पार्ट व्हत्यात. एक खुंटी व्हईत न्हाय व्हय?"

मीही भरीला पडलो. जुनी पिन घेतली, मायक्रोमीटर लावला, पाच ठिकाणी मापं काढली. केसाच्या दहाव्या हिश्शाएवढाही फरक राहू दिला नाही. चार दिवस लेथवर घासून, कडक करून, चकचकीत जोडी आप्पाच्या हातात ठेवली. छाती फुगवून उभे राहिलो दोघं.

आप्पानं पिन बसवली. चाक धरून हलवलं. खडखडखड! जुनी हलायची तशीच, जराही कमी नाही.

आप्पानं पिन काढली, उजेडात धरली आणि हसत खालीच बसला. चाळीस वर्षांची झीज आम्ही मापून, जशीच्या तशी नव्या पोलादात उतरवली होती!

"आरं शाण्यांनो," तो म्हणाला, "नवा कोरा म्हातारा केलासा की रं!"

सगळे हसले. अण्णाही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग ती पिन हातात घेऊन म्हणाले, "माझी बी मापं घ्या की रं कोणतरी. पर जुनी. पस्तीस वर्साचा असतानाची."

कुणीतरी चहा सांगितला.

*

मुलाचा फोन दर रविवारी, आम्ही बसलेलो असताना यायचा. अण्णांना ऐकायला कमी येतं, म्हणून फोन स्पीकरवर. त्यामुळं बापलेकाचं बोलणं अख्ख्या गॅरेजाला पाठ.

"बाबा, गाडी दुरुस्त करून ठेवणार कुठं? इथं सोसायटीत आपल्याला पार्किंग एकच आहे!"

"मग तुझी भाईर लाव," अण्णा म्हणाले आणि फोन ठेवून दिला!

त्या दिवशी आम्ही फार खूश झालो. पण थोड्या वेळानं अण्णाच म्हणाले, "पोरगं वाईट न्हाय रं. एकट्याला ऱ्हाऊ द्यायला भ्यातंय." खरं होतं ते. त्याच्यावर राग धरायची सोय नव्हती, हीच आमची अडचण होती.

*

पुढच्या चाकांचं काम आधी उरकलं. खऱ्या मापाच्या पिना केल्या, स्टेअरिंगचा रॅक उकलून बसवला, त्याला चाकांशी जोडणारे टायरॉड बदलले. आप्पा स्टेअरिंगच्या बाबतीत कडक माणूस. स्टेअरिंग हलवलं आणि चाक हललं नाही, असं सुताएवढंही अंतर तो राहू देत नाही.

सांबऱ्याच्या रस्त्यावर ट्रायल घ्यायची ठरली. अण्णा चालवायला, बाजूला आप्पा. आम्ही मागं डॉक्टरांच्या गाडीत. अण्णांनी टोपी घातली, काच पुसली, गाडी निघाली. सरळ रस्त्यावर काय झोकात गेली म्हणता! पहिलं वळण आलं आणि गाडी रस्ता सोडून तडक कोबीत!

आम्ही धावत गेलो. दोघंही धड होते. कोबीचे आठ-दहा गड्डे मात्र गेले. शेतकरी बांधावरून ओरडत आला, गाडी बघितली आणि ओरडायचं विसरला. "ही निपाणीवाल्या बाईंची गाडी न्हवं?" त्यानं विचारलं. "लहानपणी बघितल्याली. बाई डोस्क्यावरचा पदर दातात धरून बसायच्या, वाऱ्यानं उडतंय म्हणून."

अण्णा स्टेअरिंग धरून तसेच बसून होते.

नंतर उलगडा झाला. अण्णांच्या गाडीचं स्टेअरिंग पहिल्यापासून चार बोटं ढिलं. वळण दिसलं की ते आधीच वळवायला घ्यायचे, म्हणजे वळणापाशी गाडी वळायची. चाळीस वर्षं हाताला तीच सवय. आता आप्पानं सगळा ढिलेपणा काढल्यावर वळण यायच्या आधीच गाडी वळली!

आप्पाचा चेहरा उतरला. असला कडक माणूस, पण म्हणाला, "अण्णा, पहिल्यागत ढिलं करून देऊ का?"

अण्णांनी स्टेअरिंग एकदा इकडं-तिकडं फिरवून बघितलं. "नको. बरोबर केलायस तू. मलाच शिकाय पायजे."

मग रोज सकाळी सांबऱ्याच्या रस्त्यावर ते एकटे सराव करायचे. दुधवाले सांगायचे, म्हातारा वळणापाशी गाडी थांबवतो, आणि मग सावकाश वळतो.

*

मागचे पाटे चढवायचा दिवस. कमानीसारखे एकावर एक रचलेले लोखंडी पाटे, धूड वजन. एका टोकाला आप्पा, दुसऱ्याला बसू, दोघांनी एकदम उचलायचं.

आप्पा म्हणाला, "एक, दोन, तीन!" आणि तीनला उचललं. बसूच्या घरी तीन म्हणून झाल्यावर उचलतात. पाटा तिरका झाला, बसूचं बोट चेंगरलं. मग बसू म्हणाला, मी मोजतो. "ओंदु, एरडु, मूरु!" आता आप्पा बसूच्या रीतीनं दमानं, तर बसू आप्पाच्या रीतीनं आधी! पाटा परत खाली. मग कुणाचं खरं यावर अर्धा तास. आप्पा येळ्ळूरचा, माघार कसली घेतो? बसूही हट्टाला पेटला.

डॉक्टर स्टुलावरून म्हणाले, "दोन राज्यांचा प्रश्न एक वेळ सुटेल, पण हा पाटा बसणार नाही!"

तेव्हा अण्णा उठले. दोघांच्या मध्ये उभे राहिले. म्हणाले, "मी सांगतो तवा उचला." आणि खालच्या आवाजात, एका लयीत म्हणाले, "बसलीस? पदर आत घेतलास? निघू?"

'निघू'ला दोघांनी एकदम उचललं. पाटा अलगद जागेवर बसला!

दुसरा पाटाही त्याच मोजणीवर चढला. आता आप्पाच्या गॅरेजात जड काहीही उचलायचं झालं तरी तसंच म्हणतात. परवा ट्रकचा गिअरबॉक्स उचलताना चार दांडगे बाप्ये एका सुरात "पदर आत घेतलास?" म्हणत होते.

*

आता डॉक्टरांचा एक किस्सा मध्येच सांगतो, तो सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

पाट्यांच्या टोकांना रबरी बुश असतात. त्यांचे बोल्ट गाडी अधांतरी असताना आवळायचे नसतात. गाडी चाकांवर उभी पाहिजे आणि आत माणसांएवढं वजन पाहिजे, मगच आवळायचे. नाहीतर माणूस आत बसला की रबर पिळवटतं आणि फाटतं. दुसरीकडं यासाठी वाळूची पोती ठेवतात. आप्पा घरच्या तांदळाची ठेवतो. "वाळू सांडली तर सीट खराब, तांदूळ सांडला तर कोंबड्या खात्यात," हे त्याचं म्हणणं. गिऱ्हाइकाला आधी वजन विचारायचं, तेवढं पोतं काट्यावर भरायचं आणि त्याच्या सीटवर बसवायचं, ही आप्पाची पद्धत.

डॉक्टरांनी त्यांच्या जुन्या गाडीच्या वेळी वजन सांगितलं बहात्तर. महिनाभरात गाडी उजव्या बाजूनं कुरकुरायला लागली. आप्पानं खाली जाऊन बुश बघितला, बाहेर आला आणि डॉक्टरांना हाताला धरून तांदळाच्या काट्यावर उभं केलं. काटा एक्याण्णववर!

"डॉक्टर," आप्पा म्हणाला, "दुसऱ्याला तोंड उघडा म्हणतासा, आन् सोताच्या तोंडातनं खरं येत न्हाय!"

तेव्हापासून डॉक्टर गोड चहा पीत नाहीत. निदान आमच्यासमोर.

*

अण्णांच्या गाडीचे बुश आवळायचे राहिले होते, तो दसऱ्याआधीचा शेवटचा रविवार. सकाळी आठची वेळ. आवळून झाले की अण्णा तिथूनच निपाणीला निघणार होते. दसरा मंगळवारी, आणि मुलगा बुधवारी न्यायला येणार होता. अण्णा पांढरंशुभ्र धोतर नेसून आले होते. गाडी धुऊन-पुसून चाकांवर उभी होती.

आप्पानं विचारलं, "अण्णा, वजन? खरं सांगा, हितं डॉक्टर हाईत!"

"चौसष्ट."

चौसष्ट किलोचं पोतं भरलं आणि मी नि बसूनं उजव्या सीटवर बसवलं. आप्पा पाना घेऊन खाली वाकला.

"डावीकडचं?" बसूनं विचारलं.

मी काट्यावर सांडलेले दाणे गोळा करायला लागलो. डॉक्टरच हळूच म्हणाले, "डावीकडं रिकामंच ठेव आप्पा. एकटेच जाणार आहेत ते."

बरोबरच होतं ते. हिशोबानं तसंच पाहिजे. आप्पानं मान हलवली आणि पहिल्या बोल्टला पाना लावला.

"एक्कावन्न," अण्णा म्हणाले.

आप्पा थांबला. मग उठला, पाना खाली ठेवला आणि आतून दुसरं पोतं ओढत आणलं. काट्यावर चढवलं. बरोबर पन्नास भरलं.

अण्णा गाडीच्या दारावर हात ठेवून उभे होते. काट्याकडं बघत म्हणाले, "शेवटी शेवटी अडतीसवर आलतं. पर तू एक्कावन्नच धर."

आप्पानं हात धुतले, फडक्याला पुसले. तिसऱ्या पोत्याचं तोंड सोडलं आणि ओंजळीनं तांदूळ घालायला लागला. पाचव्या ओंजळीला काटा एक्कावन्नवर आला.