यमुताईंचे तीन धोटे

माग न मांडता भर चौकात विणायचं, ही नूपुरची टूम. नूपुर नाचणारी पोरगी. नागपुरातल्या या कोष्ट्यांच्या वस्तीत चार महिने घरोघर फिरून तिनं विणकरांचं अंग कसं हलायचं ते टिपलं आणि रविवारी सकाळी गोळीबार चौकात वस्तीतल्याच माणसांकडून ते नुसत्या हावभावांनी करवून घ्यायचं ठरवलं. पुरुष मागावर, बायका कांड्यांवर सूत भरायला. ही वाटणी चंपतरावांची. ते यमुताईंचे धाकटे दीर, वस्तीतले जाणते, आणि जाणतेपणाची त्यांना भारी हौस.

"मले मागावर बसव," यमुताईंनी नूपुरला दोनदा सांगितलं होतं.

"पण चंपतकाका म्हणतात, बायका मागावर बसत नसत."

बसत नसत म्हणे! नवऱ्याचा, बाबूलालचा, उजवा हात लुळा पडल्यावर अकरा वर्षं दार लोटून करवती काठाच्या साड्या कुणी विणल्या? बाजारात त्या बाबूलालच्या हातच्या म्हणून जात, आणि नेणारे होते हेच चंपतराव. बाबूलाल गेले, माग मोडला, यमुताई शाळेत खिचडी रांधू लागल्या, खोटं तेवढं शाबूत राहिलं. त्याचा त्यांना अजून संताप येई, आणि का येऊ नये?

रविवारी गर्दी जमली. चंपतराव 'करवती काठाची साडी' असं पुकारून दुकानाच्या ओट्यावर पाय सोडून बसले, मागाच्या पावड्या दाबल्यासारखे पाय हलवू लागले आणि हवेतला धोटा त्यांनी मोठ्या झोकात या टोकाहून त्या टोकाला फेकला.

"भाऊजी, करवती काठ हाये ना हा?" यमुताई कांड्यांच्या रांगेतून उठल्या. "मंग एकच धोटा काहून?"

करवतीच्या दात्यांसारख्या या काठाला धोटे तीन. दोन काठांचे दोन, साडीच्या अंगाचा एक, आणि दर फेरीला काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवायचा. चंपतरावांनी जन्मभर साधी पातळं विणली, त्यांना कुठून ठाऊक असणार?

यमुताई त्यांच्या शेजारी बसल्या. डावी पावडी. काठाचा धोटा, अडकव. अंगाचा धोटा, अडकव. पलीकडचा काठ. फणी ओढ. उजवी पावडी. गर्दीतल्या म्हाताऱ्या विणकरांचीही बोटं हलू लागली. नूपुरनं आपल्या नाचाच्या पोरी यमुताईंच्या मागे आणून बसवल्या.

"वहिनी, झालं ना आता, उठा. लोक पाहून राहिले," चंपतराव पुटपुटले.

"लोकायनं पाहावं म्हणूनच बसली मी." यमुताईंचे पाय थांबले नाहीत. "साडी अर्धी हाये. अर्धी टाकून कोष्टी उठत नाही, भाऊजी. तुम्ही सरका थोडे, तुमचं कोपर लागून राहिलं."

चंपतराव सरकले.