नाव घातलेलं ताट

माझ्या सासूबाईंचं नाव गौरम्मा, पण अख्खं उदगीर त्यांना अव्वा, म्हणजे कानडीत आई, म्हणतं, म्हणून मीही अव्वाच म्हणते. बाजारात आमचं भांड्याचं दुकान आहे. गल्ल्यावर माझा नवरा सोमेश बसतो आणि दाराशी पाटावर अव्वा, हातात भांड्यावर नाव घालायचं मशीन घेऊन. बारशाची वाटी असो की लग्नातला हंडा, ते टर्रर्र सुरू झालं की अव्वांचं तोंडही सुरू होतं. समोरच्याचं लग्न, आजार, सुनेचं भांडण, सगळं विचारून होईपर्यंत नाव घालून झालेलं असतं. गिऱ्हाईक नावासाठी येतं की गप्पांसाठी, देव जाणे!

अव्वांचा धाकटा भाऊ मृत्युंजय अमेरिकेत गेला आणि तिथं केरळच्या एका ख्रिस्ती नर्सशी लग्न करून बसला. लिंगायताच्या घरात केवढा गहजब झाला असेल विचारा! अव्वांचे वडील शिवप्पा आमच्याच घरी राहायचे, ते तर कित्येक वर्षं लेकाचं नावही काढत नव्हते. त्या भावाची मुलगी दामिनी. लहानपणी एकदाच उदगीरला येऊन गेली होती. ती आता मोठी लेखिका झालीय म्हणे, इंग्रजी कादंबऱ्या लिहिते. परदेशात गेलेल्या आपल्या माणसांच्या, आणि त्यांना ना धड इकडचं कळत ना तिकडचं, त्याच्या.

गेल्या दिवाळीनंतर तिची नवी कादंबरी आली. त्यात उदगीर आहे, भांड्याचं दुकान आहे आणि नाव घालणारी एक आत्या आहे, असं मृत्युंजयमामांनी फोनवर सांगितलं मात्र, अव्वा हवेतच! "माझ्यावर पुस्तक लिवलंय माझ्या भाचीनं!" म्हणून त्यांनी गल्लीभर पेढे वाटले. शेजारच्या सिंधुकाकूंनी विचारलं, "काय लिवलंय ओ?" तर म्हणतात, "चांगलंच असंल की! आत्यावर वाईट कोन लिवतंय?"

मी कॉलेजात इंग्रजी शिकवते. म्हणून वाचून सांगायचं काम माझ्याकडं आलं. दुपारी दुकान शांत असलं की मी एकेक पान मराठीत सांगायची आणि अव्वा ऐकून खूश व्हायच्या. एक दिवस ते प्रकरण आलं. मी डोळ्यांनी पुढचं वाचलं आणि माझी जीभच अडखळली.

"का गं थांबलीस?"

"काही नाही, अव्वा. कंटाळवाणं आहे जरा."

"वर्षाराणी, वाच."

वाचलं. पुस्तकातल्या त्या जाडजूड आत्यानं अमेरिकेतून आलेल्या लहान मुलीचं ताट, वाटी, पेला वेगळा काढला होता. तिची आई दुसऱ्या जातीची, धर्माची. घरच्या कुणी चुकून त्यात जेवू नये म्हणून आत्यानं त्यावर त्या मुलीचं नाव कोरलं. त्या मुलीला तेव्हाच कळलं, की ती या घरची नाही.

माझं डोकंच फिरलं! अहो, आमच्या घरी प्रत्येकाचं ताट नावाचं असतं. सोमेशचं, माझं, खुद्द अव्वांचं; आणि जेवून झालं की ज्याचं त्यानं घासायचं. मी लग्न होऊन उंबऱ्याच्या आत पाय टाकला तेव्हा माझं ताट आधीच मांडणीत चढलेलं होतं. कोरं ताट असतं ते पाहुण्याला. शिवप्पा आजोबा तोंड फिरवून बसलेले असताना अव्वांनी कुणाला न विचारता त्या पोरीचं नाव घातलं, ते ती घरची आहे हे त्यांना दिसावं म्हणून. आणि हिनं काय लिहून ठेवलं? मी म्हटलं, "अव्वा, आत्ताच्या आत्ता फोन लावते तिला! शिकलेली बाई, विचारायला काय झालं होतं?"

अव्वांनी एक पातेलं पुसायला घेतलं. चकचकीत होतं, तरी पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "फोन लावायचा न्हाई. सांगून पटवलं तर माझी लाज वाचवायला सांगायलेत असंच वाटंल तिला. ती लातूरला येनाराय न्हवं का भाषनाला? जेवाया बोलव." आणि थोड्या वेळानं हळूच, "ती घरची न्हाई असं माझ्यामुळं वाटलं गं तिला. माझ्यामुळं."

लातूरच्या एका कॉलेजातला कार्यक्रम आटोपून दामिनी आली. सोबत तिथले प्राध्यापक वीरभद्र सर, आमच्या जुन्या ओळखीचे. दामिनी उंच, केस बारीक कापलेले, आणि बोलायला लागली तर बापाची उदगिरी मराठी, अमेरिकन नाकातून! "आत्या, मी लई खूश हाय." मी हसू दाबत आत पळाले. अव्वांनी तिच्या गालावरून हात फिरवला, पण नेहमीची बडबड गायब. सकाळपासून हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, रटरटत होती. धपाटे झाले होते, शेंगाची चटणी झाली होती.

पंगत बसली. मी मांडणीतून दामिनीचं तेच जुनं ताट काढून तिच्यापुढं ठेवलं. तिनं काठावरचं नाव पाहिलं आणि चेहरा असा उतरला, की मलाच कसंतरी झालं.

"आत्या," ती म्हणाली, "अजून वेगळंच?"

अव्वांच्या हातातला डाव हुग्गीतच राहिला. मी मनात म्हटलं, आता बोला की अव्वा, एरवी तर थांबत नाही! मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी गप. त्या एवढंच म्हणाल्या, "सरांना ताट दे."

मी सरांना ताट दिलं. सोमेश आपलं घेऊन बसला, त्याच्या पलीकडं मी माझं मांडलं. दामिनी खाली मान घालून होती. मग तिची नजर शेजारच्या ताटावर गेली. सोमेश. तिनं वाकून पलीकडचं पाहिलं. वर्षाराणी. तिनं सरळ सरांचं ताट धरून गोल फिरवलं.

"सरांचं नाव कुठंय?"

वीरभद्र सरांना काय माहीत आत काय जळतंय! ते खो खो हसले. "आमचं नाव कोण घालणार, बाई? मी इथं कैकदा जेवलोय, तरी कोरंच. ह्या घरात नाव घरच्यांचंच असतं. मी पाव्हणा!"

दामिनीनं काठावरच्या नावावरून बोट फिरवलं. एकदा, पुन्हा एकदा. मग तिच्या डोळ्यांतून टपाटपा पाणी यायला लागलं. "आत्या, मी उलटं लिवलं गं."

"लिवलंस तर लिवलंस!" अव्वांचा बांध फुटला. "माझं काय जातंय? पन तू एवढंसं लेकरू, तसं मनात धरून इमानात बसून गेलीस गं. कोनाला तरी इचारायचं की! मलाबी मेलीला कळलं न्हाई. घरच्याला कशाला सांगायचं, म्हनून गप बसले." आणि त्या पदरानं तिचं नाक पुसायला लागल्या, ते बघून मीही रडले. सोमेश तेवढा धपाटे खात राहिला.

"मी पुस्तक बदलते," दामिनी म्हणाली.

"काई बदलू नको. ती आत्या खाष्टच बरी, लोक वाचतेत तरी. फकस्त पुढच्या खेपंला जरा बारीक दाखव मला."

मग काय, हसून हसून ठसका लागला सगळ्यांना. हुग्गी तीनदा वाढली. जेवणं झाली तशी वीरभद्र सर ताट उचलायला लागले, तर आम्ही तिघं धावलो, "राहू द्या, राहू द्या!" दामिनी वाट बघत बसली. तिच्या ताटाला कुणी हात लावेना.

"काय बघायलीस?" अव्वा म्हणाल्या. "घास जा की आपलं."

ती उठली. मागच्या नळावर फतकल मारून बसली आणि घासायला लागली. अव्वा दारात कमरेवर हात ठेवून उभ्या. "अगं, बूड राहिलं! तुमच्या अमेरिकेत असंच घासतेत व्हय?"

"घासायले की आत्या! थांब की जरा, किती घाई!"

मी जीभ चावली. या घरात अव्वांना असं बोलायची माझीसुद्धा अजून छाती झालेली नाही. अव्वा मात्र वळल्या, आणि वीरभद्र सरांना म्हणाल्या, पेढे वाटताना होता त्याच्या दुप्पट तोऱ्यात, "बघा, बघा! कशी उलटून बोलती आमची पोरगी!"