खरी गोष्ट फाटकापाशी

आमच्या घरी खरी गोष्ट बैठकीत कोणी बोलत नाही. पाहुणा येतो, चहा-पोहे होतात, सगळ्यांच्या गुडघ्यांची चौकशी होते. तो चपला घालून फाटकापाशी पोचला की यजमान म्हणतो, "बरं, ते एक राहिलंच." माझं लग्नही असंच ठरलं. सासरे तेव्हा रिक्षात बसले होते.

रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत माझा कारखाना आहे. म्हणजे पत्र्याची शेड, तिच्यात लेथ मशिनी आणि त्यांच्यापेक्षा जास्त आवाज करणारा मी. एकदा तिथे जपानी साहेब आले. त्यांना पितळी व्हॉल्व्ह दोन महिन्यांत हवे होते. मला तीन लागणार होते. सकाळीच बायकोने बजावलं, "सांगून द्या साफ. नाहीतर ऑर्डर गळ्यात पडन."

"सांगतो ना. आधी बसू तर दे त्यायले."

दुपारभर बसले. संगमरवराचा अख्खा डोंगर माझे आजोबा विकत घेता घेता राहिले, हे मी त्यांना तपशिलात सांगितलं. दिल्लीहून आलेल्या दुभाष्याने मध्येच विचारलं, "दो महीने पर कुछ कहना है, जी?" मी खव्याची जलेबी पुढे केली. पाहुण्यासमोर थेट मुद्द्यावर येणं म्हणजे मला बनियनवर लग्नाला गेल्यासारखं वाटतं.

फाटकापाशी मी घसा साफ केला. "बरं, ते एक राहिलंच..."

साहेब कमरेत वाकले, गाडीत बसले, गाडी निघाली. त्यांच्याकडे उठले म्हणजे संपलं, हे मला काय माहीत.

मी धावलो. शंभर किलोंचा ऐवज, सफारी सूटमध्ये, तीन बोटं नाचवत. मागच्या काचेतून साहेब वाकले. मी आणखी जोरात बोटं नाचवली, ते आणखी वाकले. मागे लागलेली कुत्रीही शेवटी दमून बसली.

संध्याकाळी बायकोने विचारलं, "बोलले का?"

"बोललो. गाडी थांबून नाही राहिली."

ऑर्डर आली, दोन महिन्यांचीच. मी स्वतः लेथवर उभा राहिलो. कारागिरांनी हात जोडून मला बाजूला केलं, म्हणूनच माल वेळेवर गेला.

पुढच्या वर्षी साहेब पुन्हा आले. पाण्याचा ग्लास टेबलावर टेकायच्या आत मी बोललो, "तीन महिने लागतील." दुभाष्याने सांगितलं, साहेबांनी मान हलवली. झालं. गेल्या वर्षीची सगळी धाप मला एकदम आठवली.

या वेळी फाटकापाशी बोलायला काही उरलंच नव्हतं. मी हात जोडून उभा राहिलो. साहेब गाडीत बसले, पण गाडी हलेना. ते मागच्या काचेतून माझ्याकडेच बघत होते. शेवटी दुभाष्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"जी, साहब पूछ रहे हैं, इस बार उनसे कोई भूल हुई क्या? आप दौड़ नहीं रहे."

मी चपला काढून हातात घेतल्या आणि ड्रायव्हरपाशी गेलो.

"चलो भैया. लेकिन सेकंड गियर से ऊपर मत ले जाना."