नऊ नंबरचा ब्लाऊज

चहा हातात असेल तर आधी खाली ठेवा. माझ्या लग्नात मी घातलेला घोळ ऐकताना एकाला ठसका लागलाय!

माझी थोरली बहीण, आक्का, निपाणीत ब्लाऊज शिवते. मी बेळगावात, सॉफ्टवेअरच्या कंपनीत. साखरपुडा झाला आणि माझ्या अंगात आलं! म्हटलं, "आक्का, तुझ्या गिऱ्हाइकांची मापं कॉम्प्युटरात घालून देतो." प्रत्येक बाईला एक नंबर. नंबर टाकला की माप समोर. सोप्पं!

आता आमच्या धंद्यातला साधा नियम असा, की नंबर हीच त्या बाईची ओळख. एकदा दिला की गोठवायचा, कुणाला हात लावू द्यायचा नाही. मला ठाऊक नव्हतं का? होतं की! पण आक्काचं बोट एका जागी पडंल तर शपथ. चुकलं तर सुधारू दे बिचारीला, म्हणून मी नंबराची चौकट उघडीच ठेवली.

लग्न तोंडावर आलेलं. उचगावहून स्वातीचा फोन. स्वाती म्हणजे माझी होणारी बायको. अंगानं शेवग्याची शेंग.

"अहो, आक्कांनी पाठवलेला ब्लाऊज मिळाला."

"व्हय? कसा बसला?"

"बसला न्हाय, घसरला. ह्यात मी, आई आणि मावशी मिळून मावतोय."

इथं शहाणा माणूस काय करंल? गप बसंल. मी लॅपटॉप उघडला. नऊ नंबर, नाव स्वातीचं, खाली माप भलं दांडगं. पण माझा प्रोग्रॅम हो! चुकंल कसा?

"माप तुमचंच आहे," मी म्हणालो.

"म्हंजे मी एवढी हाय?"

"तसं न्हाय, स्क्रीनवर दिसतंय तेवढी..."

फोन कट!

अर्ध्या तासात आईनं मला धरलं. "सुनेला जाडी म्हणालास व्हय रं?" तेवढ्यात सासऱ्यांचा फोन. "जावईबापू, पोरीनं ताट सरकवलंय. तुमच्या मनात काय हाय ते एकदाच सांगा." आता मनात काय असणार? मलाच काही कळेना! आक्काला म्हटलं, दुसरा शिव, माप नीट बघून शिव. तिनं शिवला. माप कुठलं बघितलं? कॉम्प्युटरातलं! दुसराही तंबूच निघाला. उचगावला वाटलं, ही मंडळी आता मुद्दाम करताहेत.

मी तडक निपाणी गाठली. "आक्का, कुणाचा नंबर बदललीस काय?"

"व्हय की. शालनकाकू म्हणाल्या, माझा लकी नंबर नऊ. त्यांचा पुसून नऊ घातला."

"अगं, नऊ स्वातीचा!"

"मला काय ठावं? तूच म्हणालास, चुकलं तर बदलता येतंय!"

शालनकाकू म्हणजे आक्काचं जुनं गिऱ्हाईक. दारातनं तिरक्या येतात, एवढं सांगितलं की पुरे. त्यांची मापं नऊ नंबरावर जाऊन बसली आणि स्वातीची खालच्या खाली गडप! नाव तेवढं तिचं उरलं.

आक्काला घेऊन उचगावला गेलो. नव्यानं माप घेतलं. स्वातीपुढं हात जोडून म्हणालो, "चूक माझीच. एकदा दिलेली ओळख बदलू द्यायची नसते. बदलली की सगळी भानगड." तिनं मान डोलावली.

लग्न लागलं. ताटात तांदूळ पसरले, त्यात नवरीचं नवं नाव लिहायचं. मी मोठ्या हौसेनं अंगठीनं लिहिलं, 'मृण्मयी'.

स्वातीनं वाचलं. गोड आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ओळख बदलू द्यायची नसते. तुम्हीच सांगितलासा न्हवं?"

आक्का तर पदर तोंडात घालून हसायली. मी मुकाट्यानं तांदूळ सारखे केले आणि 'स्वाती' लिहिलं.

पण खरी अडचण पुढंच होती. वरात बेळगावात, टिळकवाडीत आमच्या दारात आली. शेजारच्या आज्जी ओवाळायला पुढं झाल्या. "नाव काय गं तुझं?"

"स्वाती."

आज्जींनी दारावरच्या पाटीकडं बघितलं. मी हौसेनं चार दिवस आधीच ठोकलेली. माझं नाव, आणि खाली झोकदार अक्षरात 'सौ. मृण्मयी'.

आज्जींचं ताट हातातच थांबलं. माझ्याकडं वळून त्यांनी हळूच विचारलं, "मग ही मृण्मयी पैली व्हय रं?"